लक्ष्मीचं नाणं मोडायचं का?

प्रश्न : वडील गेल्या वर्षी गेले. त्यांना देवादिकांची नाणी जमवायचा नाद होता. कपाटातल्या स्टीलच्या डब्यात चाळीसेक नाणी निघाली. बरीचशी लक्ष्मी-गणपतीची, काही दर दिवाळीला सराफाकडून घेतलेली, काही भेट आलेली. राम-सीता आणि मारुती असलेली तीन जुनी जाड नाणी आहेत, त्यातल्या एकावर १७४० असं वाचता येतं. सरकारी डबीतली पाच-सहा आहेत. त्यात ज्ञानेश्वर महाराजांचं आहे, गुरू गोविंदसिंगांचं आहे. रामलल्लाचं एक रंगीत नाणं माझ्या सासरहून आलेलं. एक पितळी दिसणारं, मारुतीचं, त्यावर ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ लिहिलंय. शिवाय एक वेडावाकडा चांदीचा रुपया आहे. त्यावर उर्दूसारखी अक्षरं आणि मध्येच पिंडीसारखं काहीतरी. आई दर लक्ष्मीपूजनाला सगळा डबा पाटावर मांडते, हळदकुंकू वाहते. भाऊ म्हणतो, भाव चढलाय, सगळं वितळवू आणि लगडी वाटून घेऊ. तो उर्दू रुपया तर मुसलमानी आहे, तो देवात हवाच कशाला? आई म्हणते, लक्ष्मी मोडायची नसते. अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो, जुनी माझ्याबरोबर द्या, तिकडे दुप्पट मिळतील. आणि मारुतीच्या नाण्याचा फोटो टाकल्यापासून एक माणूस सारखा फोन करतोय : पन्नास लाख देतो, आधी नोंदणीचे पंधरा हजार भरा. फोटो सोबत पाठवले आहेत. कुणाचं ऐकू? (नाव छापू नये.)

उत्तर : ताई, आधी त्या फोनवाल्याचं बघू. बाकीच्यांना सवड आहे. त्याला एक पैसाही देऊ नका. आज नोंदणी, उद्या जीएसटी, परवा विमा, तेरवा रिझर्व्ह बँकेचं ना-हरकत पत्र, अशी नावं बदलत ही मंडळी एकदा भरणाऱ्याकडून पुन्हा पुन्हा पैसे काढतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल जाहीर निवेदन काढलं होतं. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही आणि त्यासाठी शुल्क किंवा कमिशन घेण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही, असं त्यात स्वच्छ सांगितलं आहे. नंबर ब्लॉक करा. घरातल्या कुणी आधीच पैसे पाठवले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर आजच फोन लावा. अशा तक्रारीत जितका उशीर तितके पैसे लांब जातात.

आता ते नाणं. एका बाजूला मारुती, दुसऱ्या बाजूला कमळ, ‘यूकेएल वन आना’ आणि १८१८. ईस्ट इंडिया कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही. ब्रिटिश अमलात एक आण्याचं नाणं रोजच्या व्यवहारात आलं तेच सातव्या एडवर्डच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तेसुद्धा निकेल मिसळलेलं, नागमोडी कडेचं. तुमच्याकडचं आहे ती अलीकडे घडवलेली शोभेची वस्तू. याच जातीच्या नाण्यांवर कधी १७१७ असतं, कधी १८१८, कधी १८३९, देवही बदलतात. ‘राइस पुलर’ नावाची जी फसवणूक चालते, नाणं तांदूळ ओढतं, त्यात इरिडियम हा दुर्मीळ धातू आहे, परदेशातली अवकाश संस्था कोट्यवधी मोजते वगैरे, तिच्यात हीच नाणी फिरवतात. त्याची किंमत मोडीतल्या पितळेइतकी.

गंमत अशी, की कंपनीला आपल्या देवांचं वावडं अजिबात नव्हतं. मद्रासच्या टांकसाळीतून १८०७-०८ च्या सुमारास निघालेले चांदीचे अर्धे आणि पाव पॅगोडे, म्हणजे दक्षिणेत चालणारी नाणी, बघा. एका बाजूला देवळाचं गोपुर, दुसऱ्या बाजूला कमळातून वर येणारा विष्णू. दक्षिणेत विष्णूच्या छापाचं सोन्याचं नाणं लोकांच्या सवयीचं होतं, कंपनीने तोच छाप पुढे चालवला. ही नाणी आज संग्राहक आवडीने घेतात, पण ती विष्णूमुळे नव्हे. ती कुणी पाडली, कुठे, कधी, हे पुराव्याने सांगता येतं म्हणून घेतात. तुमच्या मारुतीवाल्या नाण्याबद्दल यातलं एकही सांगता येत नाही.

तुमच्या सगळ्या डब्याकडे याच नजरेने बघावं असं मला वाटतं. देवाच्या छापाने नाण्याचा बाजारभाव वाढत नाही. ‘दुर्मीळ धार्मिक नाणं’ असं म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल किंवा देऊ करत असेल, तर तो तुमच्या श्रद्धेचा भाव करतोय. संग्राहक बघतो ते टांकसाळ, काळ, किती नग शिल्लक आहेत आणि अवस्था कशी आहे. सराफ बघतो वजन आणि टंच, म्हणजे धातूची शुद्धता. आई बघते लक्ष्मी. तिघांचंही बरोबर आहे, पण तिघं एकाच नाण्याबद्दल बोलत नाहीत. तुमच्या घरात भांडण लागलंय ते सगळा डबा एकच वस्तू धरल्यामुळे.

राम-सीतेची तीन जाड नाणी म्हणजे रामटंका. एका बाजूला सिंहासनावर राम-सीता, शेजारी भाऊ, पायाशी मारुती. दुसऱ्या बाजूला धनुष्यं घेऊन उभे राम-लक्ष्मण आणि भोवती ‘राम लछमन जानकी, जय बोलो हनुमान की’ या धाटणीची नागरी अक्षरं. तीही बहुधा मोडकी, मधली दोन-चार गाळलेली. १७४० वर भुलू नका. तो विक्रम संवत, म्हणजे इसवी सन १६८३-८४, आणि तोच आकडा रामटंकांवर सर्रास दिसतो. टंका मात्र बहुतेक एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या, काही तर अगदी कालच्या. हे चलन नव्हतंच. तीर्थाच्या ठिकाणी घ्यायचं, घरी आणून देव्हाऱ्यात ठेवायचं, एवढाच त्याचा उपयोग.

तुमच्या तीनपैकी जुनी कोणती आणि नकली कोणती, हे दहापट भिंगाखाली बरंचसं कळेल. नाक, गुडघे, सिंहासनाची कड असे उंच भाग बघा. हाताळून झिजलेलं नाणं तिथे गुळगुळीत होतं आणि खोलगट भागात अक्षरांच्या कडा धारदार राहतात. साच्यात ओतलेल्या नकलेत सगळंच सारखं बोथट दिसतं, पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं असतात आणि कडेला दोन साचे जुळल्याची पुसट रेघ सापडते. डावीकडच्या फोटोतल्या नाण्यावर मला ती रेघ दिसते आहे. बाकीची दोन जुनी वाटतात. जुनी चांदीची रामटंका चांदीच्या भावापेक्षा थोडी वर जाते, फार नाही. आईला त्या हव्या असतील तर सरळ तिच्याकडे राहू द्या.

आता तो वेडावाकडा रुपया. पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य तुमच्या भावाचं आहे, ‘मुसलमानी आहे, देवात कशाला’. फोटो धूसर आहे, त्यामुळे शपथेवर सांगत नाही. पण अक्षरं उर्दू नाहीत, फार्सी आहेत. त्यांच्यामध्ये पिंड आहे आणि तिच्या अंगाला तीन पानांचं जे दिसतं ते बेल आहे. हा छाप होळकरांचा. अहिल्याबाईंच्या काळात, म्हणजे १७६७ ते १७९५ दरम्यान, महेश्वरच्या टांकसाळीतून पिंड आणि बेलपान असलेले रुपये निघत. त्यावर नाव मात्र दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं, फार्सीत आणि हिजरी सनासह.

यात विसंगती काहीच नव्हती. पेशवे, शिंदे, होळकर, सगळ्यांच्याच रुपयांवर बादशहाचं नाव असे, कारण रुपया चालायचा तो त्या नावाला बाजारात पत होती म्हणून. नर्मदेकाठच्या सावकाराला आणि दिल्लीच्या सराफाला दोघांनाही ओळखीचं वाटावं असं नाणं हवं असेल, तर मजकूर जुनाच ठेवावा लागे. मग आपली टांकसाळ ओळखू यावी म्हणून एखादी खूण घालायची. कुणी अंकुश घातला, इंदूरच्या मल्हारनगर टांकसाळीने सूर्य घातला, बाईंनी पिंड घातली. तुमच्या आईने अक्षरांकडे न बघता पिंड ओळखली आणि रुपया पाटावर ठेवला. तिचं चुकलं नाही.

एका नाण्यावर दोन लिप्या आणि एक देव, ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे, हे भावाला आवर्जून सांगा. अफगाणिस्तानातल्या आय खानूम इथे १९७० मध्ये उत्खननात अगॅथोक्लिस या ग्रीक राजाची चांदीची नाणी सापडली, इसवी सनापूर्वी १८० च्या आसपासची. एका बाजूला नांगर घेतलेला संकर्षण, म्हणजे बलराम, आणि ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला चक्र घेतलेला वासुदेव, म्हणजे कृष्ण, आणि ब्राह्मी अक्षरं. अकबराने आपल्या इलाही सनाच्या पन्नासाव्या वर्षी, म्हणजे १६०४-०५ मध्ये, धनुर्धारी राम आणि मागे सीता असं नाणं पाडलं. त्यावर नागरीत ‘राम सीय’ आहे आणि दुसऱ्या बाजूला फार्सीत महिना आणि सन. त्याचे अगदी मोजके नग उरले आहेत. असलं नाणं कुणी तुम्हाला विकायला आणलं तर ते खोटंच आहे असं धरून चाला.

तर हा रुपया वितळवायचा नाही. त्यात चांदी असेल साधारण तोळाभर, आणि वितळवलात तर हातात तेवढीच येईल. नाणं म्हणून त्याची किंमत त्याहून बरीच असू शकते, विशेषतः पिंड आणि सनाचा आकडा पुरता उमटलेला असेल तर. पूर्वी ठसा नाण्यापेक्षा मोठा असे. ठोकताना त्याचा काही भागच चकतीवर उतरे, म्हणून सगळी खूण शाबूत असलेलं नाणं संग्राहकाला जास्त प्यारं.

आणि मावसभावाला ठाम नाही म्हणा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. ‘एकच तर आहे, पाकिटात टाकतो’ हे विमानतळावर चालत नाही. सहा महिने ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे. घरात ठेवायला कुणाची आडकाठी नाही. विकायचाच झाला तर पुरावस्तू विक्रीचा परवाना असलेल्या व्यापाऱ्याकडे किंवा नाण्यांचे लिलाव करणाऱ्या संस्थेकडे जा, आणि एकाच्या तोंडाकडे न बघता दोन-तीन जणांकडून अंदाज घ्या. त्याआधी जमलं तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघून या. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे, तेही चांगलं. अशा ठिकाणी होळकरी रुपये शेजारी-शेजारी बघितले की डोळा तयार होतो, मग कुणी फसवायला आलं तरी आपल्याला आधी शंका येते.

सरकारी डबीतल्या नाण्यांवर वाद घालायची गरजच नाही, कारण ती वितळवणं हा गुन्हा आहे. २०११ च्या नाणे कायद्यात ‘नाणं’ या शब्दात स्मारक नाणीही येतात, आणि ती वितळवायला किंवा मोडायला बंदी आहे. शिवाय भावाचा हिशोबही तिथे चुकतो. गुरू गोविंदसिंगांच्या ३५० व्या प्रकाशपर्वाचं ३५० रुपयांचं नाणं ३५ ग्रॅमचं आहे, पण त्यात चांदी निम्मी. उरलेलं तांबं, निकेल, जस्त. म्हणजे साडेसतरा ग्रॅम. त्या काळच्या बहुतेक मोठ्या स्मारक नाण्यांची हीच मिसळण आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीला २०१० मध्ये निघालेलं हजार रुपयांचं नाणं ८० टक्के चांदीचं होतं. अलीकडे काही नाणी शुद्ध चांदीची निघतात. तेव्हा डबीवरचा कागद वाचल्याशिवाय चांदी गृहीत धरू नका. ज्ञानेश्वर महाराजांचं १९९९ चं एक रुपयाचं नाणं असेल तर ते पोलादाचं. वडिलांनी ते आवडीने ठेवलं असणार, आपणही आवडीनेच ठेवावं.

या नाण्यांची किंमत डबी, पुस्तिका आणि अस्पर्श पृष्ठभाग या तिन्हींवर असते. ‘बघू तरी’ म्हणून पारदर्शक कवच उघडलं आणि अंगठा लागला, की वर्षभरात त्या अंगठ्याचा ठसा काळा होऊन उमटतो आणि परत जात नाही. आईच्या पाटावरून ही नाणी खाली उतरवा, एवढं मात्र मी आग्रहाने सांगेन. पूजेला ठेवायचीच असतील तर बंद डबीत ठेवा आणि कुंकू डबीला लावा.

रामलल्लाचं रंगीत नाणं जून २०२४ मध्ये सरकारच्याच टांकसाळ महामंडळाने आणलेलं असावं : ५० ग्रॅम, ९९९ शुद्धता. ती आठवण म्हणून ठेवायची वस्तू आहे, त्यावर रुपयाचा आकडा नाही, बाजारात ते चालत नाही. रंगीत छपाईची नाणी खासगी टांकसाळीही काढतात, आणि न्युए, कुक आयलंड्स अशा प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या देशांच्या नावानेही निघतात. घेताना त्यांचा भाव चांदीच्या बराच वर असतो, विकताना तो वरचा भाग बहुधा मिळत नाही. भेट म्हणून सुंदर, गुंतवणूक म्हणून मी घेणार नाही.

राहिली लक्ष्मी-गणपतीची नाणी. डब्यात सगळ्यात जास्त हीच, आणि वितळवायची झाली तर हीच. पण आधी ती चांदीची आहेत का ते बघा. भेट आलेल्यांत जर्मन सिल्व्हर हमखास निघतं. नावात सिल्व्हर असलं तरी ते तांबं-निकेल-जस्त असतं, चांदी औषधालाही नाही. लोहचुंबक लावून फारसं कळत नाही, कारण जर्मन सिल्व्हरही चुंबकाला चिकटत नाही. घरी करता येईल अशी चांगली चाचणी पाण्याची आहे. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्या. आधी नाणं कोरडं तोला. समजा २० ग्रॅम भरलं. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा आता जो आकडा दाखवेल तो नाण्याचं घनफळ. शुद्ध चांदीचं २० ग्रॅमचं नाणं १.९ च्या आसपास दाखवतं; जर्मन सिल्व्हरचं २.३ च्या पुढे जातं. तांब्यावर मुलामा असेल तर २.२. नाण्याला बुडबुडे चिकटले असतील तर आकडा फसवा येतो, हलकेच झटकून पुन्हा बघा. डबीतली नाणी आणि होळकरी रुपया यात बुडवू नका.

सराफाकडे गेलात की तो टंच काढून देईल. आता बऱ्याच ठिकाणी त्यासाठी यंत्र असतं, खरवडावं लागत नाही. पण ते यंत्र वरचाच थर बघतं. जाड मुलामा त्याला चकवू शकतो, म्हणून पाण्याची चाचणी घरी करूनच जा. चांदीला हॉलमार्क सक्तीचा नाही. सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या वस्तूचा ओळख क्रमांक, येतो आणि तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. वडिलांच्या जुन्या नाण्यांवर तो नसणार, त्यात काळजीचं काही नाही. सीलबंद कार्डातली नाणी असतील तर कार्ड फोडू नका, तशीच विकायला सोपी जातात. बाकीच्यांवर सराफ घट धरेल. किती धरतो ते आधी विचारा आणि दुसऱ्या पेढीवरही विचारा. घेताना दिलेली मजुरी आणि ३ टक्के जीएसटी परत मिळत नाहीत, ते पैसे गेले असं समजा.

आईचं म्हणणं मी हलकं घेत नाही. पण तिला एक विचारून बघा : घरातले देवांचे टाक झिजले की आपण काय करतो? सोनाराकडे नेतो, त्याच चांदीत भर घालून नवे करून घेतो. कुलदेवतेचा टाक मोडणं तिथे पाप होत नाही. लक्ष्मीपूजनातही आवाहन असतं आणि उत्तरपूजाही असते. पूजा उतरली की नाणं पुन्हा कपाटात जातं आणि वर्षभर आपण त्याच्याकडे बघतही नाही. शास्त्रार्थ करायचा माझा अधिकार नाही, घरच्या गुरुजींना विचारा. पण मला विचाराल तर ‘लक्ष्मी मोडू नये’ याचा अर्थ तिची तीस नाणी जपावीत असा होत नाही. आईला त्यातली दोन-चार निवडू द्या, वडिलांनी कुठल्या दिवाळीला आणलेलं कोणतं हे तिलाच ठाऊक असणार. उरलेल्यांतली चांदीची ठरतील त्यांचे नवे टाक करायचे, नातवंडांसाठी वाट्या करायच्या की लगडी, हे भाऊ आणि तुम्ही मिळून ठरवा. भावाला पैशांची खरंच नड असेल तर तेही उघड बोलून घ्या. ‘भाव चढलाय’ हे कारण मला थोडं घाईचं वाटलं, खरं कारण बहुधा त्याच्या मागे आहे.

वाटणीचं म्हणाल तर वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल आणि ही त्यांची स्वकष्टाची मालमत्ता असेल, तर हिंदू वारसा कायद्याने आई, भाऊ आणि तुम्ही तिघंही समान वारस आहात. आई वाटणीबाहेर नाही. दोन लगडींचा हिशोब तिथेच कच्चा आहे.

करही विसरू नका. ‘पूजेची नाणी आहेत, घरगुती वस्तू आहेत’ असं म्हणून तो टळत नाही. धोलपूरच्या राजाने नेमका हाच मुद्दा मांडला होता. सोन्याच्या गिन्न्या, चांदीचे रुपये आणि लगडी महालक्ष्मीच्या पूजेला लागतात, म्हणून त्या वैयक्तिक वापराच्या वस्तू धराव्यात, असं त्याचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ते मान्य केलं नाही. वर्षातून एकदा पूजेत मांडणं म्हणजे अंगवळणी पडलेला रोजचा वापर नव्हे. तुमच्या बाबतीत वडिलांनी नाणी बाळगलेला काळही मोजला जातो. तो २४ महिन्यांहून जास्त भरला तर दीर्घकालीन नफा, दर साडेबारा टक्के. २००१ च्या आधीची खरेदी असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत धरता येते. डब्यात पावत्या असतील तर फेकू नका, आणि विकण्याआधी सीएला एकदा दाखवा.

आणि हळदकुंकू. चांदीवर कुंकवाचा जुना थर बसला असेल तर घासू नका. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर यातलं काहीही होळकरी रुपयाला आणि रामटंकांना लावायचं नाही. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, आणि जुन्या नाण्यावरचा तो सारखा, करडा थर ही त्याच्या वयाची साक्ष असते. लखलखीत घासलेलं जुनं नाणं संग्राहक हातात घेऊन परत ठेवतो. फार झालं तर डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर ठेवा, मऊ सुती कापडाने टिपा. पुसायचं नाही, टिपायचं. रबरबँड आणि लोकरीचं कापड दोन्हींत गंधक असतं, ते डब्यातून काढा. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांनी नाण्यावर हिरवा चिकट थर येतो, त्याही काढा. पुठ्ठ्याचे किंवा कडक प्लास्टिकचे नाण्यांचे होल्डर मिळतात, ते घ्या आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. आईने निवडलेली दोन-चार नाणी मात्र तिने खुशाल घासावीत, दुधाने न्हाऊ घालावीत. ती त्यासाठीच आहेत.

विकण्याच्या गोष्टी पुढच्या महिन्यावर टाका. या आठवड्यात तिघांनी एकत्र बसून प्रत्येक नाण्याचं वजन, दोन्ही बाजूंचे फोटो आणि आईला आठवेल तो तपशील एका वहीत उतरवा. रुपयाचा फोटो खिडकीजवळ, तिरप्या उजेडात, फ्लॅश न लावता पुन्हा काढा आणि मला पाठवा. सनाचे आकडे वरच्या कडेला अर्धवट दिसताहेत, ते वाचता आले तर बाईंच्या हयातीतला की नंतरचा, हे सांगता येईल.